स्टेपानेकचं गरम इंजिन

जॉप्लिन, मिझुरी
१३ जानेवारी १९८५

प्रिय अँब्रोजकाका,

फोन केला की तुम्ही "पैसे जळतायत, पैसे जळतायत" असं ओरडता आणि माझं निम्मं बोलणं व्हायच्या आत ठेवून देता, म्हणून लिहिते आहे.

आमच्या मालकाने, पर्सेलने, काल सगळ्या ड्रायव्हरांना अंगणात उभं केलं आणि सांगितलं की एक मार्चपासून कंपनी स्वतःचे ट्रक ठेवणार नाही. मागचे ट्रेलर कंपनीचे, पण ते ओढणारा पुढचा इंजिनाचा ट्रक, म्हणजे आपला घोडा, ज्याचा त्याने आणायचा. ज्याला जमणार नाही त्याने दुसरीकडे काम बघावं. मग माझ्याकडे वळून म्हणतो, "लिओना, तुला परत लग्न करायला ही चांगली संधी आहे." मी म्हटलं, "एकदा केलं होतं. त्यापेक्षा ट्रक स्वस्त पडतो." सगळे हसले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. नवा घोडा माझ्या आवाक्यातला नाही. जुना घ्यायचा तर माझी सगळी पुंजी त्यात जाईल, आणि तो बंद पडला तर ट्रकही गेला आणि कामही गेलं.

तुमच्याकडच्या साप्ताहिकात जाहिरात आहे. १९६८ चा, लांब नाकाचा, पहिल्यापासून एकाच मालकाकडे. लाडिमीर स्टेपानेक, लिबुशा. म्हणजे तुमच्याच गावात, हाकेच्या अंतरावर. तुम्ही आयुष्यभर गुरांचे ट्रक हाकले आहेत. एवढं बघून या: थंडीत सुरू होतो का, धूर किती टाकतो, चासीला तडा आहे का. आणि मला एका ओळीत कळवा, घेऊ की नको.

तुमची,
लिओना


लिबुशा, नेब्रास्का
१९ जानेवारी

चि. लिओना हिस आशीर्वाद.

एका ओळीत कळव म्हणतेस. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. एका ओळीत लिहायला फार शिकावं लागतं, ते मला येत नाही.

पहिली गोष्ट, तुझं पत्र आल्यापासून माझी झोप उडाली आहे. तशी ती कधी जागेवर नसतेच. छपरावरचा बर्फ घसरला तरी मी उठून बसतो, शेजारच्या मांजरीने कूस बदलली तरी मला कळतं. आता तर डोळे मिटले की तू मला कुठल्या तरी घाटात उभी दिसतेस, घोड्याचं बॉनेट उघडं, आणि वरून बर्फ पडतोय. तुझा बाप गेला तेव्हापासून तुझी काळजी माझ्याकडे आली आहे आणि मी ती नीट करतो.

तर मी गेलो. स्टेपानेकचं घर आत आहे आणि ट्रकची शेड पार रस्त्याच्या तोंडाशी. सकाळी आठची वेळ ठरली होती. जुना ट्रक बघताना पहिला नियम काय? नमस्कार नंतर, आधी इंजिनाला हात. थंड असेल तर माणूस सरळ. गरम असेल तर त्याने आपण यायच्या आधी गुपचूप चालवून ठेवलंय, म्हणजे थंडीत ते सुरू होत नाही. हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं, आणि तो दोनदा फसला होता.

मी हात लावला. गरम! बाहेर शून्याच्या खाली पारा, आणि इंजिन भट्टीतून काढलेल्या पावासारखं. रात्री गरम ठेवायची विजेची वायर असते, ती बघितली. ती खुंटीवर गुंडाळलेली, वर कोळ्याचं जाळं.

मी म्हटलं, "लाडिमीर, इंजिन ऊबदार वाटतंय."

तो म्हणाला, "पत्र्यावर ऊन येतं."

शेडचं तोंड उत्तरेला आहे, लिओना. आणि आठवडाभर आमच्याकडे सूर्य नाही.

तोंडावर खोटारडा म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून मी "हो, ऊन बरं असतं" म्हणालो. मग त्याच्या बायकोने, अल्बिनाने, आत बोलावून कोलाचे वाढले, जर्दाळू भरलेले गोड पाव. मला तीन, त्याला एकही नाही. त्याच्यापुढे ओटची पेज. मागच्या वर्षी त्याला छातीचा झटका आला, तेव्हापासून डॉक्टरने लोणी, डुकराचं मांस, अंडी, सगळं बंद केलंय. अंगणात दीडशे कोंबड्या आणि मालकाला अंडं नाही. मला त्याची दया आली, पण दयेने ट्रक घेत नाहीत.

घेऊ नकोस.

तुझा काका,
अँब्रोज व्होडेनाल

ता. क. चासी चांगली आहे. टायर चांगले आहेत. पण त्याने काय होतं?


जॉप्लिन
२५ जानेवारी

प्रिय काका,

मी टल्साला जाऊन एक घोडा बघून आले. नवा कोरा लाल रंग. विकणारा माझ्यासाठी दार उघडतो, "बाईसाहेब" म्हणतो, दोन महिन्यांची हमी देतो. मी पायाखालची चटई उचलली तर त्याने ती माझ्या हातातून घेऊन परत घातली. म्हणाला, "थंडी आत येते." मी परत उचलली. चटईखालून मला रस्ता दिसला.

दुसरा बघितला तो माझ्याहून म्हातारा आणि पेट्रोलवर चालणारा. त्याचा मालक म्हणतो, "याच्यात पाहिजे ते इंजिन टाका." म्हणजे ट्रक मीच करून घ्यायचा.

स्टेपानेकचा ट्रक तुम्हीच म्हणता चासीने, टायरने चांगला आहे. मग एवढं एकच बघा. न सांगता, लवकर जा. एकदा थंड इंजिन सुरू होताना कानाने ऐका. तुमचा कान मला पर्सेलच्या सगळ्या मिस्त्र्यांपेक्षा भरवशाचा वाटतो.

लिओना


लिबुशा
१ फेब्रुवारी

चि. लिओना,

तुझ्या नादाने माझी गावात शोभा झाली.

मी न सांगता साडेसहाला गेलो. अंधार होता. गाडी चर्चच्या कुंपणाशी ठेवली आणि शेतातून चालत गेलो, गुडघाभर बर्फातून, माझ्या या गुडघ्यांनी. शेडला कुलूप नाही, आपल्याकडे कोण लावतं? हात लावला. गरम! पहिल्यापेक्षा जास्त गरम. टिक टिक आवाज करत इंजिन निवत होतं, म्हणजे नुकतंच बंद केलेलं. साडेसहाला! हा माणूस मी येणार हे कसं ओळखतो? मला वाटतं, तो रोज पहाटे उठून गरम करून ठेवतो, कोणी गिऱ्हाईक येईल म्हणून. एवढा कष्टाळू लबाड मी पाहिला नाही.

बाहेर पडतो तर समोर अल्बिना. हातात अंड्यांची टोपली, डोक्याला रुमाल.

"अँब्रोज? या वेळेला? आमच्या शेडमध्ये?"

मी घाबरलो आणि म्हणालो, "माझी गाय सुटलीय."

"तुझी गाय?"

"हो."

"तुझ्याकडे गाय कुठे आहे? तू गाई विकल्यास तेव्हा माझी धाकटी शाळेत होती. आता तिला तीन पोरं आहेत."

मी म्हणालो, "म्हणूनच सापडत नाही," आणि चालू लागलो. लिओना, दुसरं मला काही सुचलं नाही.

दुपारपर्यंत गावभर झालं. किराणावाल्याने विचारलं, "काय, गाय मिळाली?" टपालवाली म्हणाली, "मिस्टर व्होडेनाल, एकटं राहणाऱ्याने डॉक्टरला दाखवून घ्यावं." फादर यारोमिर रस्त्यात थांबून म्हणाले, "अँब्रोज, हरवलेलं शोधायला चर्च सगळ्यात चांगलं." तुझ्या एमिलीकाकूच्या मयतीनंतर मी चर्चची पायरी चढलेलो नाही, त्यांना एवढंच निमित्त हवं होतं.

आता माझं ऐक. दोनदा गरम म्हणजे नक्की खोट. नको घेऊस. तो टल्साचाही नको. सरळ इकडे ये. धान्याच्या कोठारावर पावत्या फाडायला माणूस पाहिजे आहे. बसून काम, शेगडी आहे.

काका


डेन्व्हरच्या वाटेवर
६ फेब्रुवारी

काका,

मी पावत्या फाडणार नाही. मला बसून काम आहेच, फक्त खुर्चीखाली चाकं असतात.

मी स्वतःच मिसेस स्टेपानेकना लिहिलं. त्यांचं उत्तर आलंय. त्या लिहितात, "ट्रकला नोव्हेंबरपासून कोणी किल्लीसुद्धा लावलेली नाही. माझे यजमान आजारपणापासून बदलले आहेत, रोज पहाटे साडेचारला शेजारच्या गावी प्रार्थनेला जातात, कोणीतरी ओळखीचे त्यांना रस्त्यावरून घेऊन जातात. त्यांना आता ट्रकचा मोह उरलेला नाही. लवकर घेऊन जा." बाई खोटं लिहिणाऱ्या वाटत नाहीत. शेवटी कोंबड्यांना उवा होऊ नयेत म्हणून काय करावं तेही लिहिलंय, मी विचारलं नव्हतं.

मग नोव्हेंबरपासून बंद असलेलं इंजिन गरम कसं? तुम्ही नक्की इंजिनालाच हात लावला ना?

माझ्याकडे आता तीन आठवडे आहेत. पर्सेलने रिकाम्या जागांसाठी नवीन पोरांची नावं लिहायला सुरुवात केली आहे. सोळा तारखेपर्यंत तुमच्याकडून पक्कं कळलं नाही तर मी तो टल्साचा लाल घेणार. चटई खिळ्याने ठोकून घेईन.

लिओना


लिबुशा
११ फेब्रुवारी

चि. लिओना,

चटईला खिळे! वाचून मला जेवण गेलं नाही. खालून रस्ता दिसणाऱ्या घोड्यात तू बसणार असशील तर माझं जे व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून मी उठलो. आता लिहितो ते मनात ठेव, अल्बिनाला कळता कामा नये. वाचून झालं की पत्र जाळ. जाळताना ट्रकच्या केबिनमध्ये जाळू नकोस.

मी ठरवलं की हा माणूस इंजिन गरम करायला येतो त्याच्या आधीच आपण आत असायचं. शनिवारी साडेतीनला शेडमध्ये गेलो. कुत्र्याला सॉसेज दिलं, तो आता मला ओळखतो. हात लावला. थंड! लोखंड बोटाला चिकटलं. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. केबिनमध्ये चढलो. सीटच्या मागे पडदा आणि झोपायची फळी आहे, गादी बरी आहे, घोंगडी दोन. विचार असा की पडद्याआड बसायचं, तो आला की कान देऊन ऐकायचं: किती वेळ घरघरतं, किती खोकतं, कधी लागतं. बूट काढले, कारण दुसऱ्याच्या गादीवर बूट घालून बसत नाहीत. बसून पाठ दुखायला लागली म्हणून जरा आडवा झालो.

जाग आली ती सगळं थांबलं म्हणून. ट्रक थांबला, आवाज थांबला, आणि मी उठून बसलो. पडदा बाजूला केला तर समोर लाल-निळे दिवे, आणि पन्नास ट्रक ओळीने उभे. एक क्षण वाटलं, मी मेलो आणि ड्रायव्हरांना मेल्यावर इथे आणतात. मग पाटी वाचली. यॉर्कच्या फाट्यावरची ट्रकवाल्यांची खाणावळ! केबिनमध्ये कोणी नाही.

मला लघवीची घाई झाली होती, ती या वयात थांबत नाही. बूट अंधारात सापडेनात. तसाच मोज्यांनी बर्फातून आत गेलो. ते काम उरकून बाहेर येतो तर खिडकीजवळच्या टेबलावर लाडिमीर स्टेपानेक, चर्चच्या कोटात, गळ्यात रुमाल. पुढे ताट. ताटात चार अंडी, डुकराच्या मांसाच्या तळलेल्या पट्ट्या, लोण्यात परतलेले बटाटे. तोंडात घास.

त्याने मला बघितलं. घास तसाच राहिला.

"अँब्रोज! तू इथे कसा आलास?"

"तूच आणलंस."

"मी?"

"मी मागच्या फळीवर होतो."

त्याने काटा खाली ठेवला. "माझ्या ट्रकमध्ये? चोरासारखा?"

मी म्हटलं, "आणि तू? प्रार्थनेला आला आहेस वाटतं. कुठल्या संताची?"

वाढणारी बाई मध्येच येऊन म्हणाली, "लाडी, या तुझ्या मित्राला बूट नाहीत का?" ती त्याला लाडी म्हणते! रोज येत असणार.

मग तो रडकुंडीला आला. म्हणाला, "अँब्रोज, वर्षभर पेज खातोय रे. ती पेज मला स्वप्नात दिसते. कार तिच्या खिडकीखाली असते, काढली की तिला कळतं. शेड लांब आहे, म्हणून हा ट्रक. दिवसभर दीडशे कोंबड्या माझ्यासमोर कुकुचकू करतात, तुला काय कळणार?" आणि मग हळूच, "जाहिरात तिने दिली, म्हणून जो बघायला येतो त्याला मी काहीतरी सांगून घालवतो. एकाला म्हटलं, केबिनमध्ये मधमाश्या आहेत."

मी त्याला म्हटलं, "डॉक्टर सांगतो ते ऐकावं, मरशील." तो म्हणाला, "बस, तूही खा." आता बर्फातून ओल्या मोज्यांनी आलेला माणूस. मी दोन अंडी खाल्ली. बटाटेही.

परत येताना मी पुढे बसलो आणि सगळं बघितलं. तेलाचा दाब बरोबर. धूर नाही. तिसरा गिअर जरा कुरकुरतो, पण त्याच्यावर बळजबरी केली नाही की बसतो. चढावर ओढ चांगली. पण त्याने काय होतं? इंजिन तेव्हा गरम होतं! ज्यासाठी गेलो तेवढंच झालं नाही. थंडीत ते कसं सुरू होतं, खोकतं की रडतं, मला काहीच सांगता येत नाही, कारण मी झोपलो होतो. एवढी बोचरी पहाट, वीस अंश शून्याखाली, आणि मी मूर्ख झोपलो. माझ्या जन्मात मी असा झोपलो नाही.

लाडिमीरने मला शपथ घातली आहे. मी त्याचं अल्बिनाला सांगायचं नाही, आणि तो माझं गावाला सांगायचा नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, पक्कं कळत नाही तोवर नको घेऊस. आणि लालही नको.

काका


जॉप्लिन
१५ फेब्रुवारी

प्रिय काका,

पत्र मी कंपनीच्या खिडकीपाशी उभी राहून वाचलं आणि एवढ्याने हसले की हिशेबनीस बाहेर आला.

मी मिसेस स्टेपानेकना पैसे पाठवले. ट्रक घेतला. तेवीस तारखेला न्यायला येते. का घेतला ते विचारू नका. तुमचं पत्र तुम्हीच परत वाचा, असं लिहिणार होते, पण ते तर माझ्याकडे आहे. म्हणून सोबत परत पाठवते आहे. जाळायला सांगितलं होतं, जमलं नाही.

लिओना


लिबुशा
२० फेब्रुवारी

चि. लिओना,

माझं पत्र मी चारदा वाचलं. मला त्यात घेण्यासारखं काही सापडलं नाही. माझं अक्षर फार वाईट आहे एवढं कळलं. तू माझ्या "नको घेऊस"चा "घे" असा अर्थ लावला असशील तर ती शाळेची चूक, माझी नाही.

लाडिमीर काल दारात येऊन बसला. टोपी हातात. म्हणाला, "तू मला मारलंस." मी म्हटलं, "मी तिला नकोच म्हटलं होतं, शपथ." तो म्हणाला, "अल्बिनाने पैसे बँकेत भरलेसुद्धा. ती आनंदाने गात होती."  मग तो म्हणाला, "तुझी पुतणी हात हलका ठेवते का? तिसऱ्या गिअरला दमदाटी नाही चालत त्याला." मी म्हटलं, "तिच्या बापाने तिला शिकवलंय." तो म्हणाला, "मग ठीक आहे." आणि नाक पुसलं. तो ट्रक नवा आणला तेव्हा त्याच्या मुली त्याच्या मांडीवर बसून हॉर्न ओढायच्या, ते सांगत होता. मला त्याचं ऐकवेना, म्हणून मी एक मूर्खपणा केला. मी म्हटलं, "माझी पिकअप आहे."

आता तो बुधवारी आणि शनिवारी पहाटे माझ्याकडे येणार. मी आठवड्यातून दोनच दिवस कबूल केले आणि अंडी दोनच, पट्ट्या एकच, नाहीतर मी नेणार नाही. पिकअपचा हीटर चालत नाही, म्हणून त्याने घोंगडी आणायची.

आणि अल्बिनाने काय केलं? तिने गावभर सांगितलं की लाडिमीरला प्रार्थनेला आता अँब्रोज व्होडेनाल नेतो. फादर यारोमिरने मला टपालघरासमोर मिठी मारली! म्हणाले, "तुझं मन वळलं." सगळे बघत होते. आता मला रविवारी खरंच जावं लागेल. कोट घट्ट झालाय.

तेवीसला येशील तेव्हा गरम कपडे घाल. आणि मला एकदा ते इंजिन थंडीत सुरू होताना ऐकू दे, वाईट वाटलं तर पैसे परत मागू. मी अल्बिनाशी बोलेन. म्हणजे तू बोल, मी बाजूला उभा राहीन.

काका


डेन्व्हर
३ मार्च

प्रिय काका,

पोचले. घोडा चढावर एकदाही हटला नाही.

तुम्ही तेवीसला शेडबाहेर उभे होतात, पण त्याच वेळी मिसेस स्टेपानेक तुम्हाला "गाय सापडली का" विचारत होत्या आणि तुम्ही त्यांना मोठ्याने काहीतरी समजावत होतात, म्हणून इंजिन कधी सुरू झालं ते तुमच्या लक्षात आलं नाही. मी तुम्हाला थांबवलं नाही, माफ करा. मिस्टर स्टेपानेकांना ऐकू आलं. ते खाली मान घालून हसत होते.

आता खरी बातमी. अठ्ठावीसला संध्याकाळी मी घोडा कंपनीच्या अंगणात नेला. पर्सेल बाहेर आला. भोवती दोन फेऱ्या मारल्या. टायरला लाथ मारली. नाकापासून मागच्या जोडापर्यंत बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"सतरा वर्षांचा? याच्यावर मी माझा माल लादू?"

"हो."

"तपासून कोणी दिला?"

"माझ्या काकांनी. नेब्रास्कात गुरांचे ट्रक चालवायचे."

"कसा तपासला?"

मला दुसरं काय सांगायचं कळेना, म्हणून खरं तेच सांगितलं. "मागच्या फळीवर झोपून. पहाट होती, वीस शून्याखाली, इंजिनाची वायर लावलेली नव्हती. मालकाने सुरू करून रस्त्यावर काढला."

पर्सेलने टोपी मागे सारली. तोही आधी ड्रायव्हरच होता.

"आणि काका? सुरू झाल्यावर जागा झाला?"

"नाही. एरवी छपरावरचा बर्फ घसरला तरी उठून बसतात. त्या दिवशी उठले ते यॉर्कला थांबल्यावर."

त्याने घोड्याच्या बॉनेटवर एकदा थाप मारली. मग आत गेला, आणि डेन्व्हरच्या मालाचे कागद घेऊन बाहेर आला.

तुमची,
लिओना